भिंगरी आणि ओली वर्षं

मुलगी चालायला लागली आणि त्याच आठवड्यात दोनदा हरवली. एकदा शेजारच्या जिन्यात सापडली, एकदा थेट रस्त्यापलीकडच्या सुताराच्या दुकानात, भुशात बसलेली. तेव्हापासून तिचे वडील, आप्पा, तिला भिंगरी म्हणायला लागले आणि ते नाव तिला असं चिकटलं, की पुढे चाळिशी उलटल्यावर प्रयोगशाळेतले लोकही तिला तेच म्हणत. एका जागी बसणं तिच्या पत्रिकेतच नव्हतं. शाळेत बाकावर बसल्या बसल्या पाय हलवायची, म्हणून पुढच्या मुलीने जागा बदलून मागितली होती. कॉलेजात विषय धरले आणि सोडले. नोकऱ्या किती झाल्या हे मोजणं आईने कधीच थांबवलं होतं. लग्नही केलं, चांगल्या माणसाशी. तो म्हणायचा, "तुझ्याबरोबर राहायचं म्हणजे स्टेशनवर राहायचं, गाडी कधी सुटेल नेम नाही." शेवटी तोच उठून गेला, भांडणतंटा न करता, आणि जाताना गळका नळ दुरुस्त करून गेला.

अशा बाईच्या नशिबी काम आलं ते दगडांचं वय काढण्याचं. त्याहून सावकाश काम शोधून सापडलं नसतं.

डोंगरातल्या चुनखडीच्या गुहांत छतातून पाणी ठिबकतं. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, झिरपत झिरपत छताला येतं, थेंब खाली पडतो आणि जाताना चुन्याचा नखाएवढाही नाही असा पापुद्रा मागे ठेवतो. पापुद्र्यावर पापुद्रा चढून हजारो वर्षांत जमिनीतून वर येणारा खांब तयार होतो. त्याला लवणस्तंभ म्हणतात. पाण्याबरोबर कणभर युरेनियम येतं. थोरियम मात्र पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे नव्या पापुद्र्यात ते जवळजवळ नसतंच. पुढे त्या युरेनियमचं थोरियम होत जातं, ठरलेल्या गतीने, ना घाई ना उशीर. म्हणून थरात थोरियम किती साठलं हे मोजलं की थराचं वय निघतं. आणि त्याच थरातला ऑक्सिजन तोलला, हलका किती, जड किती, की तो काळ पावसाचा होता की कोरडा, हेही कळतं. फसवणारी गोष्ट एकच, माती. धूळमाती थरात अडकली तर तिच्यातलं आयतं थोरियम मोजणीत घुसतं आणि थर आहे त्याहून म्हातारा दिसतो.

हे सगळं भिंगरी एका बंदिस्त, धूळ गाळलेल्या खोलीत करायची. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा अंगरखा, हातांत दोन-दोन मोजे. दाताच्या डॉक्टरकडे असतो तशा बारीक ड्रिलने दगडातून चिमूटभर पूड काढायची, ती आम्लात विरघळवायची, मग ते पाणी बोटाएवढ्या नळ्यांतून थेंबाथेंबाने खाली उतरू द्यायचं, म्हणजे युरेनियम आणि थोरियम वेगळे होतात आणि मग मशीनवर मोजता येतात. नळीला घाई करता येत नाही. भिंगरी खोलीत येरझाऱ्या घालायची. त्या एवढ्याशा खोलीत येरझाऱ्या म्हणजे चार पावलं आणि वळण. "तू फिरलीस की हवा हलते आणि हवा हलली की धूळ," असं सांगून प्रयोगशाळेच्या प्रमुख मोठ्या बाईंनी तिला एक स्टूल आणून दिलं होतं. त्या स्टुलावर नळ्यांचा खोका ठेवलेला असायचा.

मोठ्या बाई शांत होत्या. चिडल्या तरी चष्मा पुसायच्या, एवढंच. भिंगरीला त्यांनी कंत्राटावर घेतलं, कारण आधीच्या सगळ्या नोकऱ्यांतून तिची एकच गोष्ट सारखी ऐकू आली होती: पोरगी जागेवर राहत नाही, पण तिने मोजलेलं पुन्हा मोजावं लागत नाही.

आणि हे काम तिला तिच्याच गावी घेऊन आलं. ज्या गुहेतला दगड मोजायला आला होता ती गुहा धरणाच्या मागच्या डोंगरात होती, आणि ते धरण म्हणजे आप्पांचं धरण.

तसं ते सरकारचं. पण घरात ते आप्पांचंच होतं. आप्पा पाणी खात्यात इंजिनिअर होते आणि भिंत किती उंच हवी, मागे पाणी किती साठेल, शहराला किती पुरेल, हे गणित त्यांनी केलं होतं. त्यासाठी नदीचं आणि पावसाचं तेव्हा हाताशी होतं तेवढं मोजमाप वापरलं, सुमारे चाळीस वर्षांचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुद्दाम तिसऱ्या मजल्यावरचं घर घेतलं, कारण तिथल्या मागच्या खिडकीतून जलाशयाची एक पट्टी दिसायची. रोज सकाळी दात घासायच्या आधी ते दुर्बिणीतून पाणी बघत. आई म्हणायची, "माझ्याकडे इतकं निरखून कधी बघितलं नाही."

अलीकडे मात्र दुर्बीण खाली ठेवताना त्यांचा चेहरा उतरायचा. सलग कित्येक वर्षं धरण काठोकाठ भरलं नव्हतं. पाण्याच्या वर मातीचा करडा पट्टा उघडा पडला होता आणि वर्षागणिक तो रुंद होत होता. नगरपालिकेने तोडगा काढला: भिंत वाढवायची. वाढीव पाण्याच्या भरवशावर वरच्या माळावर नवी वसाहत बांधायची. त्यासाठी सभागृहात जाहीर सभा ठरली आणि नगराध्यक्ष स्वतः जिने चढून आप्पांना बोलवायला आले. धरण ज्यांनी बांधलं त्यांनीच दोन शब्द बोलावेत. आप्पांनी कोट इस्त्रीला टाकला.

त्याच सुमारास दगडाचे आकडे आले.

मोठ्या बाईंच्या टेबलावर आलेख पसरला होता. पंधराशे वर्षांचा पाऊस, एका वाकड्यातिकड्या रेघेत. रेघ वर म्हणजे ओलं, खाली म्हणजे कोरडं. डावीकडून येताना ती बरीचशी खालीच रेंगाळत होती. मध्ये तर दोन पिढ्या उलटून जाव्यात एवढा काळ ती तळ सोडत नव्हती. आणि अगदी उजवीकडे, आपल्या काळाच्या जरा आधी, एक उंच टेकाड होतं. पंधराशे वर्षांत एवढं ओलं दुसरं काहीच नव्हतं.

भिंगरीने टेकाडाखालच्या तारखा पाहिल्या. आप्पांची चाळीस वर्षं.

"दोन तारखा पुढेमागे झाल्यात," ती म्हणाली. "हा वरचा थर खालच्यापेक्षा म्हातारा दिसतोय. छत आधी आणि पाया नंतर, असं झालं."

"मळकट नमुना आहे. माती असणार. काढून टाक."

"काढला की आलेख किती छान दिसतो ते बघितलंत का? म्हणूनच हात होत नाही."

बाईंनी चष्मा काढला. "आणि ठेवला तर?"

"ठेवला तर टेकाड शंभर वर्षं मागे सरकतं. मग ती ओली वर्षं आप्पांची नाहीत. कुणाच्या तरी पणजोबांची."

बाईंना आप्पा कोण हे ठाऊक होतं. त्यांनी चष्मा पुसला. "भिंगरी, तुला तो ठेवायचाय की काढायचाय?"

हेच तर तिला कळत नव्हतं. शास्त्र सांगत होतं की नमुना खराब आहे. मुलीचं मन सांगत होतं, राहू दे. आणि आपण शास्त्राचं ऐकतोय की मनाला दामटण्यासाठी उगाच कडक होतोय, हे कुठल्याच मशीनवर मोजता येत नव्हतं. मग तिने प्रयोगशाळेतली कपाटं लावली. लावलेली पुन्हा लावली. ऑफिसला जाताना दोन स्टॉप आधी उतरून चालायला लागली आणि चालूनही पोचायची वेळेच्या आधीच.

रविवारी ती आईवडिलांकडे गेली. आप्पा खिडकीपाशी भाषण पाठ करत होते. आई मटार सोलत होती.

"तू आल्यापासून तीनदा पाणी प्यायलीस आणि एकदाही टेकली नाहीस," आई म्हणाली. "एकतर डॉक्टरकडे जा, नाहीतर काय ते बोल."

भिंगरी बोलली. उभ्या उभ्या, कपाटाला टेकून. दगड, टेकाड, तारखा, सगळं. आप्पांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. ती थांबल्यावर त्यांनी भाषणाची घडी घातली.

"दगड किती?" त्यांनी विचारलं.

"एक."

"एका साक्षीदारावर कोणी कुणाला फाशी देत नाही."

"मी कुठे फाशी देतेय, आप्पा?"

"आणि तो साक्षीदारही स्वतःची जन्मतारीख उलटी सांगतोय. तुझ्याच तोंडून ऐकलं. यात कुठेतरी पाणी मुरतंय."

"अहो, पाणी मुरतं म्हणूनच तर तो दगड तयार होतो," आई मटारांवरून नजर न काढता म्हणाली.

आप्पा हसले नाहीत. "चाळीस वर्षं माणसांनी पावसात उभं राहून पाऊस मोजलाय. त्यांच्यातले दोघे पुराच्या वेळी नदीत गेले. त्यांचं मोजमाप खोटं, आणि अंधारात ठिबकणारा दगड खरा?"

"खोटं नाही म्हणत मी. खरंच आहे ते. फक्त ती वर्षं…" ती कपाटापासून दूर झाली. "ती वर्षं पाहुणी होती, आप्पा. आपण त्यांना घरचं समजलो."

आप्पांनी भाषणाची घडी खिडकीत ठेवली. मग म्हणाले, "मला ती गुहा दाखव."

आईने मटारांचं ताट खाली ठेवलं. "या गुडघ्यांनी?"

"गुडघे माझे आहेत."

सभा पुढे ढकलली गेली होती, कारण आराखडे वेळेत छापून आले नव्हते. ती फट साधून भिंगरीने गुहावाल्याला गाठलं. गुहावाला म्हणजे सायकली दुरुस्त करणारा एक आडदांड, हसतमुख माणूस. सुट्टीच्या दिवशी तो गुहांत शिरायचा, आणि डोंगरातल्या बिळाबिळाची त्याला माहिती होती. मोठ्या बाईंनी वनखात्याची परवानगी काढली. दुसऱ्या खांबातून नमुना घ्यायचा होता. अख्खा खांब तोडायचा नाही, पेन्सिलीएवढा बारीक गाभा काढायचा आणि भोक बुजवून टाकायचं.

गुहेच्या तोंडाशी आप्पांच्या डोक्यावर हेल्मेट चढवताना गुहावाला म्हणाला, "काका, सायकलच्या चाकासारखं आहे. अडकलं तर जोर लावायचा नाही. मागे यायचं आणि मग वळायचं."

पहिल्या अरुंद वाटेतून आप्पा बसत बसत, हातांवर भार देत सरकले. भिंगरी मागे होती. त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता आणि प्रत्येक वेळी तो अडला की तिचाही अडत होता. तिला स्वतःला गुहा कधीच आवडल्या नव्हत्या. तिथे येरझाऱ्या घालता येत नाहीत. पण वाट संपून मोठी खोली उघडली तेव्हा आप्पा उभे राहिले, दिवा वर केला आणि बराच वेळ हललेच नाहीत.

खांब होते, लहान-मोठे, ओले, लोण्याच्या रंगाचे. आणि आवाज एकच. टप. मग काहीच नाही. मग टप.

गुहावाला आणि भिंगरी ड्रिल लावायला लागले. आप्पा एका सपाट दगडावर बसले. त्यांनी तळहात पुढे केला आणि थेंब पडायची वाट पाहिली. पडला, तसा त्यांनी तो दिव्याखाली धरला.

"हा कधीचा पाऊस?" त्यांनी विचारलं.

"नक्की नाही सांगता येत. वरून इथवर यायला काही महिने लागतात, कधी वर्ष-दोन वर्षं. म्हणून एखाद्या वर्षाचं आम्ही काही बोलत नाही. आठ-दहा वर्षांचं मिळून बोलतो."

"वर पाऊस थांबला तर इथलं ठिबकणं थांबतं?"

"मंदावतं आधी. फारच लांबलं तर थांबतंही. थांबल्याच्या खुणेचा थर दिसतो."

"आणि पहिल्या दगडात असे थर होते?"

"होते."

आप्पांनी हात पँटला पुसला. "मी भिंतीवर उभा राहून सगळं आयुष्य वरच बघत आलो," ते म्हणाले, आणि मग जरा वेळाने, "ड्रिल तिरकं धरलंयस."

ते खरंच तिरकं होतं.  तिने सरळ केलं.

त्यानंतरचे महिने भिंगरीने कसे काढले ते तिलाच ठाऊक. नळ्या ठिबकत होत्या, मशीन दोनदा बंद पडलं, एकदा शहरातली वीज गेली आणि आठवड्याचं काम पाण्यात गेलं. कंत्राट संपायला आलं होतं आणि दुसऱ्या देशातल्या एका प्रयोगशाळेने तिला विचारलं होतं. एरवी तिने एव्हाना बॅग भरली असती. या वेळी तिने "कळवते" एवढं उत्तर पाठवलं आणि त्यालाही उशीर केला. तिला कळत नव्हतं की आपण थांबलोय कशासाठी: दगड खरा ठरावा म्हणून, की खोटा ठरावा म्हणून.

मध्येच एका दुपारी तिने पहिल्या दगडाची ती त्रास देणारी जागा पुन्हा भिंगाखाली धरली. या वेळी दगड नव्याने घासून, ओला करून. आणि तिला दिसली: केसाएवढी तपकिरी रेघ. कधीतरी गुहेत पूर शिरला असणार आणि गाळाचा हात फिरवून गेला असणार. नेमकी त्याच रेघेतून पूड उचलली गेली होती. तिने रेघेच्या खालून आणि वरून नवी पूड काढली. दोन्ही तारखा मुकाट्याने रांगेत बसल्या.

"मातीच होती," तिने मोठ्या बाईंना सांगितलं.

"मी म्हटलं होतं."

"म्हटलं होतं तुम्ही. पण आता दाखवताही येतं."

बाईंनी चष्म्याला हात लावला नाही. "मग आता तरी त्या स्टुलावर बस जरा."

दुसऱ्या दगडाचे आकडे आले तेव्हा त्यात धक्का बसावा असं काही उरलं नव्हतं. गुहा तीच, पण खांब वेगळा, थेंब वेगळा, आणि टेकाड तिथेच. आप्पांच्या चाळीस वर्षांवर, दहाएक वर्षांच्या फरकाने. मागचे दुष्काळही तेच, त्याच जागी. दोन साक्षीदार एकच बोलत होते.

आलेखाची गुंडाळी घेऊन ती तिसऱ्या मजल्यावर गेली. आप्पांनी तो जेवणाच्या टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले, आणि बोट टेकाडावरून सावकाश फिरवलं.

"म्हणजे मी चुकीच्या पावसावर धरण बांधलं."

"पाऊस चुकीचा नव्हता, आप्पा. तुम्हाला तेवढाच दाखवला गेला."

"मला समजावू नकोस."

"समजावत नाहीये."

"लोक काय म्हणतील माहितीये? म्हाताऱ्याने गणित चुकवलं, आणि त्याच्या मुलीनेच ते शोधून काढलं. घरचाच आहेर."

"गणित चुकलेलं नाही."

"उत्तर तर चुकलं," आप्पा म्हणाले, आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर भिंगरीला बरं वाटलं असतं.

मग अबोला. ती फोन करायची, आई उचलायची. "झोपलेत," आई सांगायची. भर सकाळी. एकदा तर म्हणाली, "शेजारी उभे राहून झोपलेत." दुर्बीण खुंटीवरच राहिली होती, असंही कळलं. भिंगरीला आयुष्यात पहिल्यांदा कुठे पळून जावंसं वाटेना, आणि थांबावंसंही वाटेना. नदीकाठाने ती मैलोन्‌मैल चालायची. वाटेत माणसं नळाला बादल्या लावून उभी दिसत, कारण पाणी आता एक दिवसाआड येत होतं. त्यांच्याकडे बघितलं की तिला वाटायचं, आपल्याला जे माहीत आहे ते यांना सांगायला हवं, आणि लगेच वाटायचं, सांगून यांची बादली भरणार आहे का?

सभा तोंडावर आली तेव्हा एका सकाळी फोन वाजला. आप्पा. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना फिकट पट्टा काढलायस तो काय?"

"चूक किती असू शकेल त्याचा अंदाज."

"हं. टेकाडापाशी तो पट्टा इतका बारीक कसा? जास्त आत्मविश्वास आहे का तुला?"

"तिथे तारखा जास्त घेतल्या. मुद्दाम."

"का?"

"कारण ती तुमची वर्षं होती."

फोनवर आप्पांनी आलेख गुंडाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "सभेला येताना आलेख मोठा छापून आण. मागच्या बाकावरच्यांना दिसला पाहिजे."

सभागृह गच्च भरलं होतं. नगराध्यक्षांनी आप्पांची ओळख करून दिली, टाळ्या झाल्या. आप्पा कोटात उभे राहिले. भिंगरी बाजूच्या भिंतीला टेकून उभी होती. तिच्यासाठी ठेवलेल्या खुर्चीवर आईने पर्स ठेवली होती.

"भिंतीची उंची मी काढली," आप्पा म्हणाले. "तेव्हा आमच्याकडे चाळीस वर्षांचा पाऊस मोजलेला होता. चाळीस वर्षं आम्हाला खूप वाटली. माझं स्वतःचं वयही तेवढं नव्हतं. मोजणाऱ्यांनी प्रामाणिकपणे मोजलं, मी प्रामाणिकपणे हिशोब केला. आता कळतंय की ती चाळीस वर्षं नेहमीची नव्हती. पंधराशे वर्षांतली सगळ्यात ओली वर्षं नेमकी आमच्या वाट्याला आली आणि आम्ही तोच पाऊस कायमचा धरून चाललो." त्यांनी आलेखाकडे बोट केलं आणि गुहेतला खांब कसा वाढतो ते सांगितलं. भिंगरीने सांगितलं असतं त्यापेक्षा थोडक्यात, आणि एक-दोन गोष्टी चुकवून. ती जागच्या जागी चुळबुळली, पण गप्प राहिली.

"भिंत वाढवू नका असं मी म्हणत नाही," ते पुढे म्हणाले. "वाढवा हवी तर. पण भिंत वाढली म्हणून पाणी येईल, या भरवशावर माळावर घरं बांधू नका. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?"

मागून एकाने विचारलं, "हे मत तुमचं की तुमच्या मुलीचं?"

"माझंही नाही, तिचंही नाही. दगडाचं आहे. पण दगडाला मत देता येत नाही, म्हणून मी आलोय."

लोक हसले. आप्पाही जरासे हसले आणि खाली बसले. बसताना त्यांनी गुडघा धरला.

निकाल कुणाच्याच मनासारखा लागला नाही. भिंत वाढवायचं ठरलं, काठावरच्या बहुमताने. माळावरची वसाहत मात्र निम्मी केली, आणि शहरातल्या गळक्या वाहिन्या आधी बदलायच्या असं एक कलम शेवटी चिकटवलं गेलं. बाहेर पडल्यावर नगराध्यक्ष आप्पांशी तोंडदेखलं बोलले आणि भिंगरीशी बोललेच नाहीत. घरी परतताना बापलेकीचं भांडण झालं, कारण आप्पांनी थोरियमऐवजी दोनदा युरेनियम म्हटलं होतं आणि तिने ते सांगितलं. आई दोघांच्या दोन पावलं पुढे चालत राहिली.

दुसऱ्या देशातली नोकरी भिंगरीने नाकारली. याचं कारण ती वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळं सांगायची. मोठ्या बाईंनी कंत्राट वाढवून घेतलं, दर वेळी थोडं थोडं. भाड्याच्या खोलीत तिची काही खोकी अजूनही न उघडलेलीच होती. आप्पा आता आठवड्यातून एकदा प्रयोगशाळेत यायचे, बाहेरच्या काचेतून नळ्यांकडे बघायचे, आणि नको ते प्रश्न विचारून सगळ्यांना भंडावून सोडायचे. मोठ्या बाईंना ते आवडायचं, हे त्यांच्या न पुसलेल्या चष्म्यावरून कळायचं.

भिंत वाढली. पहिल्या वर्षी पाणी जुन्या खुणेपर्यंतही पोचलं नाही. दुसऱ्या वर्षी पोचता पोचता राहिलं. भिंगरीच्या आत काहीतरी कुरतडायचं: आपण बरोबर ठरतोय याचं समाधान मानायचं तर ते कोरड्या नळांच्या जिवावर.

तिसऱ्या वर्षी पाऊस असा लागला, की धरण नव्या काठापर्यंत भरलं आणि सांडव्यावरून पाणी कोसळायला लागलं. अख्खं शहर बघायला लोटलं. आप्पांना दिवसभर फोन येत होते. एकाने तर विचारलं, "काय काका, दगड काय म्हणतोय?"

संध्याकाळी बापलेक पुलावर उभे होते. पाण्याचा आवाज एवढा होता की ओरडून बोलावं लागत होतं. तुषारांनी दोघांचे कपडे भिजले होते. आप्पांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. भरलेलं धरण बघायला ते किती वर्षं ताटकळले होते. भिंगरीलाही आनंद झाला होता, आणि त्याच वेळी तिला घाबरायला झालं होतं, कारण तिच्या आजूबाजूला माणसं म्हणत होती, "बघा, उगाच घाबरवत होते." कुणीतरी माळावरची उरलेली घरंही आता बांधून टाकावीत असं बोलत होतं. ती कठड्यापाशी पुढेमागे करत राहिली.

"आप्पा, आता लोक ऐकणार नाहीत," ती ओरडली.

"एका वर्षावरून काही ठरत नाही," आप्पाही ओरडले. "हे मी तुला शिकवलं की तू मला?"

"आठवत नाही."

"मलाही नाही." त्यांनी चष्म्यावरचं पाणी सदऱ्याने पुसलं. "पलीकडच्या डोंगरातल्या गुहेचा दगड कधी आणतेस?"

"गुहावाल्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालंय. दोन महिने तरी नाही."

"तोवर काय करणार आहेस?"

एव्हाना ती पुलाच्या दुसऱ्या टोकाकडे चालायला लागली होती आणि तिथून परत आपल्याकडे येईपर्यंत आप्पा कठड्याला रेलून पाणी बघत थांबले.